वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट

उमरीच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, वडील गवंडी. सहलीत मुंबईची बॅलार्ड इस्टेट पाहिली आणि ती कोणी बांधली याचा शोध घेतला.

जॉर्ज विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमध्ये झाला. १९०४ साली ते मुंबईस आले. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर त्यांनी बॅलार्ड इस्टेट एडवर्डकालीन नवअभिजात शैलीत उभी केली. वस्तुसंग्रहालयाच्या घुमटासाठी मात्र त्यांनी विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिले. गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुला झाला. १९२६ साली ते मुंबईतच वारले.

विटेट यांचे नाव पुस्तकांत मिळाले. दगड रचणाऱ्या गवंड्यांची नावे मला मिळाली नाहीत. वडिलांनी एवढेच विचारले, की भिंती ओळंब्यात आहेत ना. मी होय म्हणालो. त्यांचे समाधान झाले. माझे अजून झालेले नाही.