भाकरीचा हिशेब शिकविणारे गाडगेबाबा

संत गाडगेबाबा म्हटले की हातातील खराटा प्रथम आठवतो. मात्र, ज्या मातीच्या गाडग्याने त्यांना हे नाव दिले, ते गाडगे भाकरीचे होते. गाव झाडून झाले की दारोदार मागितलेली शिळी भाकरी ते त्यातच खात. गरिबाच्या पोटाचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर असा सोबत बाळगला.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. दारूच्या व्यसनाने वडिलांचा संसार आणि देह दोन्ही खचले. डेबूजी लहान असतानाच ते निवर्तले आणि आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. डेबूजींनी तेथे गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड मात्र पाहिले नाही. पुढे सावकारी कर्जापायी मामांची जमीन गेली. व्यसन आणि कर्ज या दोन वाटांनी घरातले अन्न कसे बाहेर जाते, हे त्यांनी असे जवळून पाहिले. वऱ्हाडाने १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ सोसला, तेव्हा ते ऐन चोविशीत होते.

मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण देण्याची रूढी होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोड जेवण वाढले. नातलगांचा रोष त्यांनी पत्करला. ऋण काढून सण, बारसे, तेरवी साजरी करणाऱ्या गरिबाला वर्षभर उपास घडतो, हे त्यांच्या पुढील कीर्तनांचे सूत्र या प्रसंगातच दिसते. नवसापोटी बोकड कापण्यासही त्यांनी कडाडून विरोध केला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे त्यांनी लोकवर्गणी आणि श्रमदानातून घाट बांधला. तेथील यात्रेत अंध, अपंग आणि कुष्ठरोगी यांना अन्नवस्त्र देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ परगावच्या रुग्णांच्या नातलगांची सोय झाली. लाखोंच्या देणग्या हाती येऊनही बाबांनी स्वतःसाठी वेगळे ताट मांडले नाही.

अन्नदान त्यांनी कधीही एकटे ठेवले नाही. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, गरिबाच्या मुलाला शिक्षण आणि रोग्याला औषधोपचार या सर्व गोष्टी त्यांच्या शिकवणुकीत एकाच रांगेत बसतात. घाणीत वाढलेले जेवण अंगी लागत नाही, म्हणून आधी खराटा आणि मग पंगत, हा त्यांचा क्रम होता. सार्वजनिक आरोग्याचा हा धडा निरक्षर माणसाने निरक्षरांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत दिला.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांचे निधन झाले. अमरावती विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. त्याआधी राज्याने ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्या नावे राबविले. खराट्याचे स्मरण असे झाले. गाडग्याचे मात्र राहून गेले. त्यांच्याच जिल्ह्यातील मेळघाटात १९९३ साली कुपोषणाने झालेले बालमृत्यू उघडकीस आले आणि तो प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही. वऱ्हाडातील ज्वारीच्या अनेक शेतांत आता सोयाबीन उभे राहते. गावच्या टपरीवर तळलेल्या, खारट पदार्थांच्या रंगीत पुड्या टांगलेल्या दिसतात. मजुराच्या मुलाला ती पुडी पाच रुपयांत मिळते. डाळ, दूध आणि अंडे मात्र त्याच्या घराला रोज परवडत नाही. हातातला पैसा जातो आणि पोट पोसले जात नाही, हे बाबांनी कीर्तनातून मांडलेले दुखणे आता नव्या रूपात दारी आले आहे. त्यांच्या पुण्यतिथीला गाव झाडताना गरिबाच्या ताटात काय पडते, हेही पाहिले गेले पाहिजे.