मालगुंडचे घर

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला जाणारे पुष्कळ. तेथून जवळच्या मालगुंडला वळणारे थोडे. याच गावी १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मले. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत ते हेच. त्यांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने जतन केले असून, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले.

हे घर पाहताना मनात येते, की या कवीला पुढे कोठे स्थिरपणे राहता आलेच नाही. वडील शाळामास्तर, घरात खाणारी तोंडे फार. मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडले. मग मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या. पुढे भडगाव, फैजपूर आणि शेवटी धारवाड येथे मास्तरकी. या ओढाताणीतच त्यांनी इंग्रजी सुनीत मराठीत रुजविले, 'तुतारी' लिहिली आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाचा प्रश्न कवितेत मांडला. गावाची ओढ मात्र सुटली नाही. 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही कविता त्या ओढीचीच.

१९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीस प्लेगने त्यांना गाठले. पाठोपाठ पत्नीही गेली. वय अवघे ३९! तोवर त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. तो त्यांच्या मागे हरिभाऊ आपट्यांनी प्रसिद्ध केला.

म्हणून मालगुंडला जाणाऱ्याने आधी त्यांची कविता वाचावी. घर राखले गेले ते कवितेमुळे. ती वाचणारेच उरले नाहीत, तर नुसत्या भिंती राखून काय साधणार?