पैसा, बदाम आणि शेले

जुलै महिना उजाडला की आमच्या हॉस्टेलवर पैसाच पैसा होतो. खिशात नाही हं, बाथरूममध्ये! भिंतीवर, जिन्यात, बादलीच्या कडेला असंख्य पायांनी सरकत जाणारा तो किडा. हात लावला की नाण्यासारखा गोल होऊन पडतो, म्हणून पैसा. कोणी त्याला वाणी म्हणतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्यासाठी तो मिलिपीड होता. मराठी विभागासाठी लेख लिहायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण आली ती ह्याच शब्दाची. रूममेटने ती सोडवली. शुद्धलेखनाच्या चुका मात्र माझ्या स्वतःच्या, वाचकांनी सांभाळून घ्याव्यात.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. बाथरूमच्या दारात एक चपटा, काळपट, कडेने पिवळसर पैसा होता. मी शूरपणे खराट्याने त्याला बाहेर लोटायला गेले आणि तो दारात चेंगरला. लगेच एक वास आला. घाणेरडा नाही, चक्क छान! बदामाचा इसेन्स घातलेल्या केकचा असतो तसा. मी चक्रावले, पण सबमिशनचे दिवस होते, विसरून गेले.

पंधरा दिवसांनी ऑरगॅनिक स्पॉटिंगच्या प्रॅक्टिकलला नंबर लिहिलेली एक बाटली वाट्याला आली. मी बूच काढलं, सरळ नाकाला लावली, आणि तोच वास! बेंझाल्डिहाइड. एका सेकंदात उत्तर सापडलं म्हणून मी खूश, तर लॅबमधले काका धावत आले आणि बाटली माझ्या हातातून काढून घेतली. हाताने वारा घेऊन दुरून वास घ्यायचा असतो हे फर्स्ट इयरला शिकवलं होतं ना, म्हणून ओरडले. मग शांतपणे विचारलं, की ह्यात दुसरं काही असतं तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी लायब्ररीत बसून मी पैशाबद्दल वाचायला लागले आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसापाशी जाऊन पोहोचले. त्याचं नाव कार्ल विल्हेल्म शेले. बाटली नाकाला लावण्याच्या बाबतीत तो माझा पूर्वजच म्हणायला हवा. फरक इतकाच, की तो वासावर थांबत नसे, चवही घेत असे.

शेलेचा जन्म ९ डिसेंबर १७४२ रोजी श्ट्रालझुंड या बंदराच्या गावी झाला. आज ते जर्मनीत आहे, तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं. घरात अकरा भावंडं. चौदाव्या वर्षी त्याला गोथेनबर्गला एका औषधवाल्याकडे उमेदवारीला ठेवलं. तेव्हाचं औषधांचं दुकान म्हणजे आजच्यासारखं पाकिटं विकणारं मेडिकल स्टोअर नव्हे. क्षार, आम्लं, अर्क, पाऱ्याची मलमं, सगळं तिथेच कुटून, उकळून, गाळून तयार व्हायचं. म्हणजे ती एक छोटी प्रयोगशाळाच. शेले कॉलेजला कधी गेला नाही. दिवसा दुकानाचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात दुकानातल्याच रसायनांवर प्रयोग करायचे, हेच त्याचं शिक्षण.

पुढे माल्मो, स्टॉकहोम असं करत १७७० मध्ये तो उप्सालाला एका दुकानात नोकरीला लागला. तिथल्या विद्यापीठात टॉर्बर्न बर्गमन हे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. सोरा वितळवून बराच वेळ तापवला आणि थंड झाल्यावर त्यावर व्हिनेगर टाकलं, तर तांबडी वाफ निघते, हे कोडं बर्गमनना सुटत नव्हतं. दुकानातल्या या नोकराला ते सुटलं. तापवल्यावर सोऱ्याचा वेगळाच क्षार होतो (आज आपण त्याला नायट्राइट म्हणतो), हे त्याने ओळखलं. त्यातून दोघांची जी मैत्री झाली ती कायमची.

आता त्याच्या शोधांची यादी बघा. टार्टारिक, ऑक्झॅलिक, सायट्रिक, मॅलिक, लॅक्टिक, युरिक ही आम्लं वेगळी काढणारा शेलेच. आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल सापडलं १७८० मध्ये. ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून त्याने ग्लिसरीन मिळवलं. १७७४ मध्ये त्याने मँगनीज डायऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं आणि पिवळट हिरवा, घसा धरणारा वायू बाहेर आला, तो क्लोरीन. आपण बारावीला तीच रिअ‍ॅक्शन पाठ केली! ते मूलद्रव्य आहे हे मात्र डेव्हीने १८१० मध्ये ठरवलं. शेलेच्या डोक्यात शेवटपर्यंत फ्लोजिस्टनची थिअरी होती. थिअरी चुकली तरी प्रयोग नीट केला तर तो टिकतो, हे व्हायवाच्या आदल्या रात्री आठवण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठा शोध म्हणजे ऑक्सिजन. १७७२ च्या आधीच शेलेने सोरा, पाऱ्याचं ऑक्साइड असे पदार्थ तापवून निघणारा वायू जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांमध्ये गोळा केला होता. त्यात मेणबत्ती लखलखून जळायची, म्हणून त्याने त्याला अग्निवायू असं नाव दिलं. पण त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडलं. तोवर इंग्लंडमध्ये प्रीस्टलेने १७७४ साली तोच वायू तयार करून जाहीरही केला होता. आधी शोधलं शेलेने, नाव झालं प्रीस्टलेचं. जर्नल वेळेवर सबमिट न करणाऱ्यांनी (यात मीही आले) नोंद घ्यावी.

असं असलं तरी स्वीडनमध्ये त्याची किंमत ओळखली गेली. ४ फेब्रुवारी १७७५ रोजी रॉयल स्वीडिश अकादमी ऑफ सायन्सेसने त्याला सभासद करून घेतलं. तेव्हा तो औषधाच्या दुकानातला साधा सहायक होता, पदवी नाही की स्वतःचं दुकान नाही. त्याच वर्षी तो क्योपिंग नावाच्या लहानशा गावी गेला. तिथल्या औषधवाल्याचं निधन झालं होतं आणि त्याची बायको सारा मार्गारेटा दुकान सांभाळत होती. शेलेने ते दुकान चालवायला घेतलं. पुढे मोठ्या शहरांतून बोलावणी आली, ती त्याने नाकारली. तो तिथेच राहिला.

क्योपिंगमध्येच १७८२-८३ च्या सुमाराला त्याने प्रशियन ब्लू या निळ्या रंगावर काम सुरू केलं. चित्रकारांचा हा आवडता रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाला होता. शेलेने तो विरल सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवून ऊर्ध्वपातन केलं, आणि जे हाती आलं ते म्हणजे प्रुसिक आम्ल, आपलं हायड्रोजन सायनाइड. त्याला एक वेगळाच, फारसा वाईट नसलेला वास आहे आणि चव किंचित गोडसर आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली. चव! हे वाचून मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसती बसले. हा पदार्थ किती विषारी आहे याची कल्पनाच तेव्हा कोणाला नव्हती. पदार्थ ओळखायचा म्हणजे रंग, वास, चव लिहायची, हीच तेव्हाची पद्धत होती. तो वाचला तो केवळ नशिबाने.

गंमत (खरं तर गंमत नाही) अशी, की सायनाइड आपल्या पेशींमधल्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतं आणि मग पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही. रक्तात ऑक्सिजन असतो, पण उपयोग शून्य. म्हणजे ज्याने अग्निवायू शोधला, त्याच माणसाने त्याचा उपयोग बंद पाडणारं विषही शोधलं. ही जोडी त्याला स्वतःला कधी कळली नाही.

आता परत बाथरूमच्या दारात येऊ. शेलेनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८८२ मध्ये, एका जातीचा मिलिपीड हायड्रोजन सायनाइड सोडतो असं प्रसिद्ध झालं. कसं सोडतो, ते १९६३ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस आयझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. या चपट्या पैशांच्या अंगात दोन्ही कडांना ग्रंथी असतात आणि प्रत्येक ग्रंथीत दोन खोल्या. मोठ्या खोलीत मँडेलोनायट्राइल नावाचा द्रव साठवलेला, धाकट्या खोलीत एन्झाइम. मध्ये एक झडप. एरवी ती बंद असते. मुंगीने चावा घेतला की झडप उघडते, द्रव धाकट्या खोलीत येतो, आणि त्याचे दोन तुकडे होतात. एक बेंझाल्डिहाइड, दुसरा हायड्रोजन सायनाइड. मुंगी पळून जाते. मला आलेला बदामाचा वास मुख्यतः पहिल्या तुकड्याचा होता. दुसरा तुकडा मात्र गुपचूप त्याच्या सोबत आला होता.

(घाबरू नका. एवढ्याशा किड्याचं सायनाइड माणसाला काही करत नाही. पण त्याचा द्रव डोळ्यात गेला तर आग होते, तेव्हा हात धुवा. आणि लांबट, गोल अंगाचे बरेचसे पैसे सायनाइड नव्हे तर क्विनोन सोडतात. बोटाला लागलेला तपकिरी डाग दोन-दोन दिवस जात नाही, तो त्याचा.)

आपण केमिकल इंजिनीअरिंगवाले ज्याला रिअ‍ॅक्टर, स्टोरेज टँक आणि व्हॉल्व्ह म्हणतो, ते सगळं त्या दीड इंचाच्या किड्याच्या कडेला बसवलेलं आहे. धोक्याची वस्तू तयार करून ठेवायची नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढीच करायची. मध्ये भिंत पाहिजे. शेलेकडे ही भिंत नव्हती. पारा, आर्सेनिक, क्लोरीन, हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि तो स्वतः यांच्यामध्ये काहीच नव्हतं. चाळिशी उलटता उलटता त्याचं शरीर थकलं. सांधे धरले, कातडीचा आजार झाला. ही सगळी त्या रसायनांचीच किंमत असावी असा तर्क केला जातो. मरण समोर दिसत असताना, अगदी शेवटच्या दिवसांत, त्याने सारा मार्गारेटाशी लग्न केलं, दुकान तिच्याकडे परत जावं म्हणून. २१ मे १७८६ रोजी तो गेला. वय ४३.

त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. कुठली बाटली धोक्याची आहे हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. त्याच्यासारख्यांनी अंगावर घेतलं म्हणून आज आपल्या बाटल्यांवर कवटीचं चित्र आहे. प्रश्न आपला आहे. आपल्याला सगळं माहीत असून आपण एप्रन खांद्यावर टाकून फिरतो, गॉगल केसांवर अडकवतो, फ्यूम कपबोर्डचा पंखा लावायचा कंटाळा करतो. काही माणसांना सायनाइडचा वास जन्मतःच येत नाही, हे मी त्याच दिवशी वाचलं. म्हणजे नाकावर भरवसा ठेवणं हेसुद्धा खरं नाही.

शेवटी एक घरची गोष्ट. माझे बाबा एका केमिकल कारखान्यात शिफ्टला जातात. लहानपणी ते घरी आले की मी पळत जायचे आणि ते हात पुढे करून मला दारातच थांबवायचे. आधी आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग मला उचलून घ्यायचे. मला त्या हाताचा फार राग यायचा. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी त्यांना शेलेची आणि पैशाची गोष्ट सांगितली. ते हसले आणि आंघोळीला गेले. ते येईपर्यंत मी दारात उभी राहिले, पण या वेळी राग आला नाही.

आता प्रॅक्टिकलला मी बाटली दुरूनच हुंगते, हाताने वारा घेऊन. काका अजूनही माझ्याकडे लक्ष ठेवून असतात. आणि बाथरूममध्ये पैसा दिसला तर खराट्याने नाही, कागदावर घेऊन बाहेरच्या कुंडीत सोडते. त्याने त्याची झडप बंद ठेवली आहे, आपण कशाला उघडायला लावायची?