आशा देणाऱ्या पंडिता रमाबाई



आपल्या वर्गात दरवर्षी एखादं तरी असं मूल असतं, ज्याच्या घरी काहीतरी मोठं कोसळलेलं असतं. कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाच्या घरचं पीक हातचं गेलेलं असतं, कुणाची आई आजारी असते. अशा मुलाला जवळ घेऊन आपण म्हणतो, काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल. पण ते कसं ठीक होणार हे आपल्यालाही ठाऊक नसतं, आणि मुलाला ते बरोबर कळतं. मग अशा मुलाशी बोलायचं तरी काय? या प्रश्नाचं एक उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्या काळात बायकोला संस्कृत शिकवणं म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणं. शास्त्रीबुवांनी तो ओढवून घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं. पुढे त्याच आईने भल्या पहाटे उठून छोट्या रमाला संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरायचं, पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायचं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. साठवलेलं संपलं, भांडीकुंडी विकून झाली. वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण दयेने पुढे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडायची, म्हणून त्यांनी तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं आणि तसंच काही मैल चालत स्मशान गाठलं. विचार करा, आपल्या नववी-दहावीतल्या मुलींच्या वयाची ही मुलगी!

त्यानंतर दोघं बहीणभाऊ पायी देशभर फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाईल अशी वेळ आली. तेव्हा वाळूत खड्डे खणून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, त्यांनी रात्र काढली. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख काही टिकलं नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी लग्न केलं. दोन वर्षांच्या आतच पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा, कुणीच उरलं नव्हतं.

रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना भारतात स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका का हव्यात, हे ठासून सांगितलं. वैद्यक शिकायच्या इराद्याने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे तो विचार सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत होत्या. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी लंडनमध्ये एक आश्रम चालवत. तो रमाबाईंनी पाहिला. ज्या बाईकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही, तिच्याशी मायेने वागणारी माणसं त्यांनी तिथे पाहिली. हे कशामुळे, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट कळली. ती बाई परक्या जातीची, गावात नाव गेलेली. तरी येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्मातल्या मोठ्या गोष्टी बोलतो. रमाबाईंच्या मनाला ही गोष्ट भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्यापैकी प्रत्येकाला हा निर्णय पटेलच असं नाही. तेव्हाही महाराष्ट्रात त्यावरून मोठं वादळ उठलं होतं. पण धर्मांतरानंतरही रमाबाई कुणाच्या हातातलं बाहुलं झाल्या नाहीत. इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशीही त्या प्रश्न विचारून वाद घालत राहिल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तिथे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली आणि निधी जमवला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींना राहायला घर आणि शिकायला शाळा, अशी ही जागा. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं.

शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. एका मुलीला शिकवल्याचा परिणाम कुठवर पोचतो बघा.

त्याच १८९३ साली सदनावर मोठं संकट आलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांच्यावर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, अशी ओरड झाली. सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती खोटी होती असं म्हणता येत नाही, कारण काही मुली खरंच ख्रिस्ती झाल्या. पण रमाबाईंनी शाळा बंद केली नाही. उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू ठेवलं.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातमी कानावर येताच रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. सदनात एवढी जागा नव्हती, पैसा नव्हता, शिवाय पुण्यात प्लेग आलेला. तरी त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यापासून साधारण ५५-६० किलोमीटरवर केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथे या मुलींना नेलं आणि तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

आता मुख्य मुद्दा. या मुलींना रमाबाई काय सांगत असतील? देव आहे, तो तुला विसरलेला नाही, हे तर त्या सांगतच. तो त्यांचा विश्वासच होता. पण त्या तेवढ्यावर थांबत नसत. मुलीला आधी अंघोळ, कपडे, पोटभर जेवण. मग पाटी. मग हाताला काम. शेती, विणकाम, शिवण, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच बघायच्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं होतं. म्हणजे तू मोलाची आहेस असं नुसतं म्हणायचं नाही, तर उद्या सकाळी तुझ्यावाचून अडेल असं एक काम तिला द्यायचं.

आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षं रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. नुकतीच वाचायला शिकलेल्या बाईलाही कळावं, असं सोपं मराठी त्यांना हवं होतं. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका.

हे काम संपत आलं असताना २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वय अवघं चाळीस. संस्था हीच लेक पुढे चालवणार, असं सगळे धरून चालले होते. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. तरीही त्या पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. भाषांतराचं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

शिक्षक मित्रांनो, हे चरित्र वर्गात सांगताना तारखा पाठ करून घेऊ नका. मुलांना एवढंच विचारा: तुमच्या शेजारच्या बाकावरचा मित्र खूप दुःखात असेल, तर उद्या तुम्ही त्याच्यासोबत कोणतं काम कराल? आणि पालकांनो, घरात कठीण दिवस आले की मुलांपासून सगळं लपवून ठेवू नका. त्यांनाही एखादी जबाबदारी द्या. झाडाला पाणी घालणं असो, आजीला पेपर वाचून दाखवणं असो. सगळं ठीक होईल हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण उद्या सकाळी आपण दोघं मिळून हे करू, असं नक्की सांगू शकतो. आणि सांगितलं की करायला मात्र हवं.