लोकशाहीर अण्णाभाऊ साठे

सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात वाटेगाव नावाचे एक गाव आहे. या गावी १ ऑगस्ट १९२० रोजी एका मातंग कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. वडिलांचे नाव भाऊराव व आईचे वालुबाई. मुलाचे नाव तुकाराम असे ठेवण्यात आले. परंतु पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्याला अण्णाभाऊ साठे या नावाने ओळखले.

त्या काळी मातंगांची वस्ती गावकुसाबाहेर असे. इंग्रज सरकारने या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. जन्माने कोणी चोर होत नाही, ही साधी गोष्टही कायद्याला मान्य नव्हती. अण्णाभाऊंना शाळेत घातले, पण तेथील वागणूक त्यांना सोसवली नाही. अवघ्या दीड दिवसात त्यांची शाळा संपली. पुढे ज्यांच्या कादंबऱ्या हजारोंनी वाचल्या, त्यांचे शालेय शिक्षण एवढेच!

गावात पोट भरेना. तेव्हा १९३१-३२ च्या सुमारास या कुटुंबाने मुंबईची वाट धरली. गाडीभाड्यास पैसा नव्हता. वाटेत मोलमजुरी करीत त्यांनी शेकडो किलोमीटरांचा तो प्रवास पायीच केला. मुंबईत आल्यावर अण्णाभाऊंनी पडेल ते काम केले. हमाली केली, कापडगिरणीत नोकरी केली. रस्त्याने जाताना दुकानांवरच्या पाट्या पाहून ते अक्षर अक्षर जुळवीत. अशा रीतीने ते वाचावयास शिकले. मुंबई हीच त्यांची शाळा झाली.

गिरणगावात कामगारांच्या सभा भरत, मोर्चे निघत. त्या चळवळीत अण्णाभाऊ ओढले गेले. गाणे आणि तमाशाचा नाद त्यांना लहानपणापासूनच होता. आता त्या गाण्यांना नवा विषय मिळाला. दुसऱ्या महायुद्धात रशियन लोकांनी स्टालिनग्राड शहर प्राणपणाने राखले. त्यावर अण्णाभाऊंनी १९४३ साली पोवाडा रचला. पुढच्याच वर्षी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभारले. डफ, ढोलकी आणि तुणतुणे घेऊन हे शाहीर चाळीचाळींतून व गावोगावी फिरू लागले. राजेरजवाड्यांच्या पराक्रमाऐवजी श्रम करणाऱ्या माणसाचे सुखदुःख ते गाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर भाषावार राज्यांची मागणी देशभर पुढे आली. आंध्र राज्य १९५३ साली झाले. मराठी माणसे मात्र निरनिराळ्या राज्यांत विखुरलेली होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तेथे सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. अशा काळात मराठी मुलांच्या शिक्षणासाठी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९१५ साली सरस्वती भुवन ही संस्था स्थापन झाली. औरंगपुऱ्यात ती आजही विद्यादान करीत आहे. आपल्या भाषेसाठी किती कष्ट पडतात, हे या भागातील लोकांस ठाऊक होते.

सर्व मराठी मुलखाचे मुंबईसह एक राज्य व्हावे, म्हणून संयुक्त महाराष्ट्राचा लढा सुरू झाला. १९५५ च्या नोव्हेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला. या लढ्यात शंभराहून अधिक लोकांनी प्राण वेचले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यात आले. पण ते राज्य मराठी व गुजराती अशा दोन भाषांचे होते. लढा चालूच राहिला.

या लढ्याच्या काळात अण्णाभाऊंनी ‘माझी मैना’ ही छक्कड रचली. छक्कड म्हणजे तमाशात गायिला जाणारा लावणीच्या जातीचा गीतप्रकार. या गीतातील नायक राजकारणी नाही; तो एक साधा गरीब माणूस आहे. पोटासाठी तो मुंबईस आला आहे आणि त्याची लाडकी पत्नी, त्याची मैना, गावाकडे मागे राहिली आहे. तिचे रूप, तिचा स्वभाव आणि निरोपाच्या वेळची तिची व्याकुळता त्याला आठवते. मुंबईची श्रीमंती तो पाहतो, तसेच तेथील दारिद्र्यही पाहतो. शेवटी तो म्हणतो, की माझी नि मैनेची जशी ताटातूट झाली, तशीच महाराष्ट्राचीही झाली आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हे भाग दूर राहिल्याचे दुःख त्याच्या गाण्यात उमटते.

मुलांनो, हे गीत कामगारांच्या मनाला इतके का भिडले असेल बरे? गिरण्यांत राबणारे बहुतेक पुरुष कोकणातून व घाटावरून आलेले असत. एकेका खोलीत दहा-पंधरा जण दाटीने राहत. खानावळीत जेवत. पगार झाला की गावी मनिऑर्डर करीत, आणि वर्षाकाठी एकदा कुठे घरच्यांना भेटत. प्रत्येकाची एक मैना गावी होतीच! राज्यांच्या सीमा आणि आयोगांचे अहवाल त्यांना अवघड वाटत. परंतु विरह म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. अण्णाभाऊंनी घरातील दुःखाची सांगड समाजाच्या दुःखाशी घातली. म्हणून डफावर थाप पडताच हजारो लोक एकचित्त होत.

खरे गीत असेच असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोक समान हक्कांसाठी झगडत होते, तेव्हा सॅम कुक या गायकाने, परिवर्तन येणारच या आशेचे एक गीत १९६४ साली जगापुढे आणले. त्यातही बोलतो तो एकटा माणूस. पण ऐकणाऱ्या लक्षावधींना ते आपलेच मनोगत वाटले. देश निराळा, भाषा निराळी. गीताचे सामर्थ्य मात्र तेच.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मुंबई महाराष्ट्रास मिळाली. पण बेळगाव व कारवार त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आणि डांग व उंबरगाव गुजरातेत राहिले. गीतातील विरह पुरता संपला नाही.

अण्णाभाऊंची लेखणीही थांबली नव्हती. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा व लोकनाट्ये त्यांनी लिहिली. भुकेल्या लोकांसाठी इंग्रज सरकारशी झुंजणाऱ्या मातंग वीराची कथा ‘फकिरा’ या कादंबरीत आहे. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियास जाऊन आले. ज्या जमातीला कायद्याने गुन्हेगार ठरविले होते, तिच्यातील शूरांना त्यांनी साहित्यात मानाचे स्थान दिले.

कीर्ती मिळाली, पण संपत्ती मिळाली नाही. अखेरची वर्षे अण्णाभाऊंनी हालअपेष्टांत काढली. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आतच होते. पुढे २००२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

दीड दिवस शाळेत गेलेल्या या शाहिराचे साहित्य आज विद्यापीठांत अभ्यासले जाते. आणि जेथे कोठे ढोलकी घुमते, तेथे त्यांची मैना अजूनही गायिली जाते. कष्टकऱ्यांच्या मनातले बोलणाऱ्या कवीला लोक असे आपल्या कंठात जपून ठेवतात.

अभ्यास
१. अण्णाभाऊ वाचावयास कसे शिकले?
२. ‘माझी मैना’ हे गीत गिरणी कामगारांना आपलेसे का वाटले?
३. एका माणसाचे दुःख सर्वांचे कसे होते, ते तुमच्या परिचयाच्या एखाद्या गीतावरून सांगा.