घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा माणूस

उंच इमारतीच्या माथ्याजवळचे एक प्रचंड घड्याळ, त्याच्या काट्याला दोन्ही हातांनी लोंबकळणारा गोल चष्म्यातील तरुण आणि त्याच्या पायांखाली दूर रस्त्यावर मुंग्यांएवढ्या दिसणाऱ्या मोटारी. हे छायाचित्र कोठे ना कोठे पाहिले नाही असा चित्रपटरसिक विरळाच. त्या माणसाचे नाव मात्र पुष्कळांस चटकन सांगता येत नाही. आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही हलकेफुलके लिहावे अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा आम्हास प्रथम आठवला तो हाच हॅरॉल्ड लॉईड. त्याचे चरित्र मात्र वाटते तितके हलकेफुलके नाही. ज्या दोन हातांनी तो त्या काट्याला लोंबकळला होता, त्यांपैकी उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी नव्हती. ती दोन बोटे कोणत्याही धाडसात गेली नव्हती. जाहिरातीसाठी काढावयाच्या एका छायाचित्रापायी गेली होती.

हॅरॉल्डचा जन्म २० एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बर्चर्ड या लहानशा गावी झाला. वडिलांचा कोणत्याच धंद्यात जम बसेना. त्यामुळे संसार पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणे कुटुंबाच्या नशिबी आले, आणि बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस त्याचा अर्थ फोडून सांगावयास नको. पुढे आईवडील विभक्त झाले. वडिलांना एका अपघाताची नुकसानभरपाई मिळाली, तेव्हा आता जावे कोठे, असा प्रश्न पितापुत्रांपुढे पडला. त्यांनी नाणे उडविले. छापा पडता तर ते पूर्वेकडे गेले असते. काटा पडला, म्हणून ते पश्चिम किनाऱ्यावरील सॅन दिएगो येथे गेले. चित्रपटाचा नवा धंदा त्याच किनाऱ्यावर रुजत होता.

नाटकाचे वेड लहानपणापासून होतेच. लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सल कंपनीच्या फाटकावर अनोळखी माणसास प्रवेश मिळत नसे. हॅरॉल्डने तोंडाला रंग फासला आणि दुपारचे जेवण आटोपून परतणाऱ्या नटांच्या घोळक्यात मिसळून तो खुशाल आत शिरला. तेथे हॅल रोच नावाचा असाच एक उमेदवार तरुण त्यास भेटला. रोचने थोड्याच दिवसांत स्वतःची लहानशी संस्था काढली आणि लॉईडला बरोबर घेतले. आरंभीची दोनतीन वर्षे चार्ली चॅप्लिनची नक्कल करण्यात गेली. चॅप्लिनचे कपडे ढगळ, म्हणून याचे तंग, एवढाच काय तो फरक! लोक हसत, पैसाही मिळे. परंतु उसन्या रूपाचा लॉईडला कंटाळा आला. १९१७ साली त्याने मिशी व विचित्र पोशाख टाकून साधा कोट घातला आणि लॉस एंजेलिसमधील एका छोट्या दुकानातून ७५ सेंटला विकत घेतलेली, भिंगे नसलेली चष्म्याची जाड काडी नाकावर चढविली. कोणत्याही कचेरीत दिसावा असा हा चारचौघांसारखा तरुण प्रेक्षकांस आपला वाटला. पुढे ती काडी मोडली, तेव्हा नव्या काड्यांसाठी त्याने एका चष्मे बनविणाऱ्या संस्थेकडे धनादेश पाठविला. संस्थेने २० काड्या पाठविल्या आणि धनादेशही परत केला. लॉईडमुळे तशा चष्म्यांची एवढी जाहिरात झाली होती की, देणे आपल्याच अंगावर निघते, असा तिचा हिशेब होता. जाहिरातीची ही बाजू गोड होती.

तो काळच जाहिरातबाजीच्या अतिरेकाचा होता. आमच्या मंडळाचे वार्षिक नाटक असले म्हणजे तिकिटे खपविताना कार्यकर्त्यांच्या नाकी नऊ येतात. मग आठवड्याला नवा मूकपट लावणाऱ्या चित्रगृहवाल्यांची काय कथा! चित्रपटसंस्था त्यांना एक पुस्तिकाच पाठवीत. दाराशी काय मांडावे, रस्त्यातून कोणाला मिरवावे, वर्तमानपत्रास कोणती बातमी पुरवावी, याच्या युक्त्या तीत असत. या विद्येतील महापंडित हॅरी रायकेनबाख. १९२० साली त्याने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात टी. आर. झान या नावाचा पाहुणा उतरविला. पाहुण्याच्या खोलीत पियानोची म्हणून एक मोठी पेटी चढविण्यात आली. मग पाहुण्याने कच्च्या मांसाची मागणी केली आणि पेटीत सिंह असल्याचा गवगवा झाला. पोलीस धावले, वार्ताहर धावले. टारझनचा नवा चित्रपट येऊ घातला आहे, हे वाचकांस उमगले तेव्हा फुकटची जाहिरात होऊन चुकली होती. या प्रकरणात कोणास इजा झाली नाही, म्हणून ते वाचताना हसू येते.

लॉईडच्या वाट्यास आलेला प्रकार निराळा होता. २४ ऑगस्ट १९१९ रोजी, म्हणजे या सिंहाच्या आदल्या वर्षी, तो लॉस एंजेलिसमधील विट्झेल यांच्या छायाचित्रशाळेत प्रसिद्धीची छायाचित्रे काढून घेण्यास गेला होता. नाटकी सामानातील एक काळा, गोल बाँब हाती धरावा आणि त्याच्या जळत्या वातीवर बेपर्वाईने सिगारेट पेटवावी, अशी कल्पना होती. बाँब लुटुपुटूचा आहे अशी सर्वांची समजूत. वात धुमसू लागली, तोंडापुढे धूर आला, तसा त्याने हात थोडा खाली घेतला. त्याच क्षणी स्फोट झाला. हात खाली आला नसता तर हे चरित्र तेथेच संपले असते. चेहरा भाजला. डोळे जातात की काय अशी भीती डॉक्टरांना वाटत होती. दृष्टी हळूहळू परत आली, चेहराही भरून आला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र कायमची गेली. खरा स्फोटक बाँब नाटकी सामानात आला होता, आणि तो हाती देण्यापूर्वी कोणी तपासला नव्हता.

त्या वेळी लॉईड अवघा २६ वर्षांचा होता. काही महिन्यांतच तो कामावर परतला. त्याच्यासाठी कातडीच्या रंगाचा एक हातमोजा तयार करण्यात आला. त्यात अंगठा आणि तर्जनी कृत्रिम होती. चित्रपटात तो हा हातमोजा घाली, आणि एरवी लोकांत वावरताना उजवा हात बहुधा खिशात ठेवी. एखाद्या प्रेस एजंटास ही केवढी पर्वणी वाटली असती! तुटल्या हाताने भिंती चढणारा नट अशी त्याने गावोगाव दवंडी पिटली असती. लॉईडने हे कधीही भांडवल केले नाही. आपणास पाहून लोकांच्या मनात एकदा कीव आली की हसू आटते, हे तो जाणून होता. आमच्या मते त्याच्या साऱ्या कर्तृत्वात हा संयम सर्वांत मोठा आहे.

आता घड्याळाकडे वळू. लॉस एंजेलिसमध्ये एकदा रस्त्यात गर्दी दिसली म्हणून लॉईड थांबला. बिल स्ट्रदर नावाचा माणूस ब्रॉकमन इमारतीची भिंत दोरीशिवाय चढत होता. अशा लोकांना तिकडे मानवी माशी म्हणत. दुकानदार, वृत्तपत्रे, संस्था त्यांना जाहिरातीसाठी बोलावीत. लॉईडला ते पाहवेना. तो कोपऱ्यापलीकडे जाऊन उभा राही आणि मधूनमधून डोकावून, माणूस अजून भिंतीवर आहे ना, याची खात्री करून घेई. जे आपणास पाहवत नाही आणि पाहिल्यावाचून राहवतही नाही, त्यातच चित्रपट आहे हे त्याने ओळखले व स्ट्रदरला कामावर घेतले. चित्रीकरणापूर्वी स्ट्रदर पडून त्याचा पाय मोडला, म्हणून चित्रपटात त्याला लंगडा बिल करण्यात आले.

कारखान्यांतून सुरक्षितता प्रथम अशी पाटी लावलेली असते. तीच उलटी करून चित्रपटाचे नाव ठेवले ‘सेफ्टी लास्ट’. त्याची कथाही जाहिरातीचीच आहे. खेड्यातला तरुण शहरातील मोठ्या दुकानात कापड मोजतो आणि आपण बडे अधिकारी झालो आहोत असे प्रेयसीस पत्रातून भासवितो. दुकानात गर्दी खेचील अशी युक्ती सुचविणाऱ्यास मालक १००० डॉलर देऊ करतात, असे त्याच्या कानी पडते. मित्राला इमारतीवर चढवावे असे तो सुचवितो. ऐन वेळी मित्राच्या मागे पोलीस लागतो आणि एकेक मजला करीत सारी इमारत बिचाऱ्या कारकुनालाच चढावी लागते! कबुतरे, जाळे, उंदीर, घड्याळ, काय काय आडवे येत नाही!

हे चित्रण कसे केले, ते सांगण्याजोगे आहे. निरनिराळ्या उंचीच्या खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर भिंतीचा देखावा उभारला होता. कॅमेरा अशा कोनात ठेवीत की खालचा खरा रस्ता दिसावा आणि मधली गच्ची दिसू नये. काही फुटांवर लाकडी फळ्यांवर गाद्या अंथरलेल्या असत. दूरच्या दृश्यांत स्ट्रदर चढला, जवळच्या दृश्यांत लॉईड स्वतः. धोका होता, पण मोजून मापून पत्करलेला.

गाद्यांचे हे रहस्य प्रेक्षकांस ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक होऊ नये, यातच प्रसिद्धीचे हित होते. चित्रपटाचा बोभाटा करण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये एका खऱ्या मानवी माशीची योजना झाली. त्याचे नाव हॅरी यंग. ५ मार्च १९२३ रोजी ब्रॉडवेवरील मार्टिनिक हॉटेलची भिंत तो चढू लागला. खाली हजारोंचा समुदाय जमला होता. नऊदहा मजल्यांच्या उंचीवर त्याचा हात सुटला आणि तो खाली कोसळून मरण पावला. त्याच्याखाली गाद्या नव्हत्या. लॉईडने जे खोटे करून दाखविले, ते त्याच्या जाहिरातीसाठी दुसऱ्याने खरे केले. त्याआधी चार आठवडेही झाले नव्हते तोच, १० फेब्रुवारीस, लॉईडचा या चित्रपटाची नायिका मिल्ड्रेड डेव्हिस हिच्याशी विवाह झाला होता. १ एप्रिलला चित्रपट प्रदर्शित झाला आणि अपार चालला. अशा जाहीर चढाईस न्यूयॉर्क शहराने पुढे बंदी घातली.

सरकारी नोकरीत जन्म गेल्यामुळे असे काही वाचले की जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. लॉईडने त्या माणसास चढावयास सांगितले, असे म्हणण्यास आधार नाही. यंगही आपल्या खुशीने व पैशासाठी चढला. गर्दीला कोणी निमंत्रणपत्रिका पाठविल्या नव्हत्या. फायलीवर टिपण लिहावयाचे झाले तर प्रत्येकजण सुटेल. परंतु विनोदी चित्रपटाची ती जाहिरात होती आणि तिच्यात एक माणूस मेला, एवढे त्या टिपणातून खोडता येणार नाही.

उरलेले चरित्र थोडक्यात सांगता येईल. १९२३ मध्येच रोचपासून वेगळे होऊन लॉईडने स्वतःची संस्था थाटली. ‘गर्ल शाय’, ‘द फ्रेशमन’, ‘स्पीडी’ हे त्याचे मूकपट त्या दशकात अलोट चालले, आणि चित्रपटांच्या संख्येत तर त्याने चॅप्लिनला केव्हाच मागे टाकले. बोलपट आल्यावर १९३० सालच्या ‘फीट फर्स्ट’मध्ये तो पुन्हा इमारतीवर लोंबकळला, पण आता त्याचा धापा टाकण्याचा आणि मदतीसाठी ओरडण्याचा आवाज ऐकू येत होता. मूकपटात जे हास्यास्पद वाटले, ते आवाजासह केविलवाणे वाटू लागले. १९४७ नंतर त्याने पडद्याचा निरोप घेतला. श्राइनर या संस्थेच्या, अपंग मुलांवर विनामूल्य उपचार करणाऱ्या रुग्णालयांसाठी त्याने पुष्कळ कष्ट घेतले व १९४९ मध्ये तो त्या संस्थेचा प्रमुख झाला. १९५३ मध्ये त्यास सन्माननीय ऑस्कर मिळाले.

आपल्या चित्रपटांची मालकी त्याने स्वतःकडे राखली होती. मध्येमध्ये जाहिराती घुसवून ते दूरचित्रवाणीवर दाखविले जावेत, हे त्यास मान्य नव्हते. परिणामी चॅप्लिन व कीटन घरोघर पोहोचले आणि लॉईड एका पिढीच्या विस्मृतीत गेला. ८ मार्च १९७१ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर हार्वी पॅरी नावाच्या कसरतपटूने, चढाईच्या काही दृश्यांत आपण लॉईडच्या जागी होतो, हे उघड केले. मालक जिवंत असेपर्यंत तो गप्प राहिला होता.

‘सेफ्टी लास्ट’ आता कोणासही सहज पाहता येतो. दूरदेशी वाढणाऱ्या आपल्या नातवंडांस तो अवश्य दाखवावा, कारण त्यास कोणतीच भाषा लागत नाही. घड्याळाचा प्रसंग आला की मुले हसत राहतील, तेवढ्यात आपण त्याच्या उजव्या हाताकडे नीट पाहावे. हातमोज्यातील अंगठा आणि तर्जनी हलत नाहीत. त्या हाताचा सारा भार उरलेल्या तीन बोटांवर आहे.