फ्रिजचा गॅस परत परत जातोय? मग कार्ल फॉन लिंडे माहीत हवेत

मे महिन्यात अकोल्यात आमचा फ्रिज थंड करेना. वॉरंटीत मेकॅनिक आला, गॅस भरून गेला. पंधरा दिवसांत परत तेच! गळती कुठे आहे हे त्याने बघितलंच नव्हतं. तेव्हा मला लिंडे आठवले.

लिंडे यांचा जन्म 1842 चा, जर्मनीतला. झुरिकला शिकले, म्युनिकला प्राध्यापक झाले. इंजिनवाले रुडॉल्फ डिझेल त्यांचेच विद्यार्थी. बिअर आंबताना स्वतःच उष्णता सोडते आणि लागर बिअर तर थंडीतच आंबवावी लागते. त्यासाठी ब्रुअरीवाले नैसर्गिक बर्फ साठवायचे. हिवाळा कमी पडला की पंचाईत. म्हणून म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने लिंडे यांच्या मशीनला पाठबळ दिलं.

पहिल्या मशीनमध्ये मिथाइल ईथर होता, पण कंप्रेसरचं सील नीट टिकेना. लिंडे नुसता गॅस भरत बसले नाहीत. त्यांनी सीलची रचना बदलली आणि ईथरऐवजी अमोनिया घेतला. हे सुधारलेलं मशीन 1877 मध्ये ट्रिएस्टच्या ड्रेहर ब्रुअरीत बसलं आणि वर्षानुवर्षं चाललं. 1879 मध्ये त्यांनी कंपनी काढली, 1895 मध्ये हवा द्रवरूप करून दाखवली. 1934 मध्ये ते वारले.

फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळालाच. त्यामुळे मेकॅनिकला आधी जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधायला सांगा. सापडलेली जागा जॉब शीटवर लिहून घ्या, मगच गॅस भरू द्या. आमचा फ्रिज दुसऱ्या वेळी असाच सुधारला.